औषध जेथे थांबते

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर सुमारे ४० किलोमीटर गेले की कोवलम नावाचे कोळ्यांचे गाव लागते. केरळातील प्रसिद्ध कोवलम ते हे नव्हे. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत याचा उल्लेख कोव्हलाँग असा येतो. येथील किल्ला १७५२ साली रॉबर्ट क्लाइव्हने जिंकून घेतला. आज त्या जागेवर एक आलिशान हॉटेल उभे आहे. गावात कार्मेल मातेचे जुने चर्च आहे, हजरत तमीम अन्सारी यांचा दर्गा आहे, आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या रांगा आहेत.

गेल्या मे महिन्यात या किनाऱ्यावर मी माझ्या थोरल्या बहिणीच्या कुटुंबासोबत एक सकाळ घालविली. नोकरीच्या निमित्ताने हे कुटुंब अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गावाहून चेन्नईला गेले आणि तेथेच स्थिरावले. मुले लाटांत शिरली, ताईही साडी सावरीत घोटाभर पाण्यात उभी राहिली. दाजी मात्र पूर्ण बाह्यांचा सदरा मनगटापर्यंत गुंड्या लावून आणि पायांत मोजे घालून वाळूवर बसून होते. सहा वर्षांची नात त्यांचा हात ओढीत म्हणाली, "आजोबा, पाण्यात या ना!" ते हसून म्हणाले, "तू जा बाळ, मी सगळ्यांच्या चपला सांभाळतो."

दाजींना सोरायसिस हा त्वचेचा जुनाट विकार आहे. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी तो जडला, आज ते एकसष्ट वर्षांचे आहेत. मध्यंतरी २०१८ पासून सुमारे तीन वर्षे त्यांची त्वचा जवळजवळ निर्मळ होती. 'बायॉलॉजिक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा तो परिणाम होता. पुढे औषधाचा गुण ओसरू लागला. डॉक्टरांनी दुसरे औषध सुरू केले, त्याने पुन्हा काही काळ आराम पडला. मग निवृत्ती आली आणि निवृत्तीबरोबर नोकरीतील आरोग्यविमा संपला. वर्षाचा खर्च लाखाच्या वर. काही महिने ताईने बांगड्या मोडून तो भागविला. त्यानंतर दाजींनीच इंजेक्शने थांबविली, आणि काही महिन्यांत रोग आपल्या जुन्या जागी परत आला.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "तीन वर्षे मी बरा झालो होतो, की माझा रोग फक्त झाकला गेला होता? आणि झाकण्यासाठी तुझ्या ताईच्या बांगड्या खर्ची पडल्या, हे पाप झाले काय?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे. हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हा विकार काय आहे ते नीट समजून घेऊ. आपल्या त्वचेचा बाह्य थर सतत नवा होत असतो. खाली जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडण्यास सामान्यतः सुमारे महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम अवघ्या काही दिवसांत उरकले जाते. अपक्व पेशींचे थर साचतात, त्वचा लाल व जाड होते आणि तिच्यावर चांदीसारख्या पांढऱ्या खपल्या धरतात. शरीराची संरक्षणव्यवस्था, जिचे काम बाहेरच्या शत्रूशी लढण्याचे, तीच येथे आपल्याच त्वचेवर उलटलेली असते. कित्येकांचे सांधेही यात दुखावतात. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, एकाच ताटात जेवल्याने पसरत नाही, एकाच प्याल्यातून प्याल्यानेही पसरत नाही. तो समूळ बरा करणारे औषध मात्र अद्याप नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने ठराव करून सोरायसिस हा जुनाट, असंसर्गजन्य व वेदनादायक रोग असल्याचे मान्य केले आणि रुग्णांना सोसाव्या लागणाऱ्या कलंकाकडे सरकारांचे लक्ष वेधले.

हा कलंक फार जुना आहे. युरोपातील वैद्य एकोणिसाव्या शतकापर्यंत सोरायसिस व कुष्ठरोग यांची नावे एकमेकांत मिसळीत असत. व्हिएन्नाचे फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये हे दोन रोग स्पष्टपणे वेगळे केले. तोपर्यंत किती निरपराध माणसे कुष्ठरोगी म्हणून घराबाहेर काढली गेली असतील, हे एका परमेश्वरालाच ठाऊक. पवित्र शास्त्रात लेवीय पुस्तकाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत ज्या चट्ट्याचे सविस्तर वर्णन येते, त्याचे भाषांतर आपण कुष्ठ किंवा महारोग असे करीत आलो. परंतु तो चट्टा वस्त्रांवर आणि घराच्या भिंतींवरही पडतो असे तेथेच म्हटले आहे. म्हणून पुष्कळ अभ्यासकांचे मत असे की त्या एका शब्दात त्वचेचे अनेक विकार सामावले असावेत, आणि खपल्या धरणारा सोरायसिसही त्यांपैकी एक असू शकेल.

आता औषधाकडे वळू. आपल्या रक्तात रोगजंतूंना ओळखून पकडणारी प्रतिपिंडे असतात. १९७५ साली केंब्रिज येथे सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर या शास्त्रज्ञांनी एकाच प्रकारची, एकाच लक्ष्यावर नेमकी जाऊन बसणारी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली. त्याबद्दल त्यांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या रीतीचे पेटंट घेतले गेले नाही, ती जगाला मोकळी राहिली. त्याच रीतीतून पुढे जी विद्या वाढली तिने सोरायसिसच्या रुग्णांसाठी २००३ पासून एकामागून एक औषधे दिली. ही औषधे रासायनिक गोळ्यांप्रमाणे बनत नाहीत. जिवंत पेशी मोठ्या पात्रांत वाढवून त्यांच्याकडून ती घडवून घ्यावी लागतात, कारखान्यापासून रुग्णापर्यंत थंड ठेवावी लागतात आणि सुईने टोचावी लागतात. संरक्षणव्यवस्थेच्या पेशी एकमेकींना दाह पेटविण्याचे जे निरोप धाडतात, त्यांतील एखादा नेमका निरोप ही औषधे वाटेतच अडवितात.

त्यांचा गुण मोठा आहे, हे प्रथम कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. अलीकडच्या औषधांनी अनेक रुग्णांची त्वचा नव्वद टक्के किंवा त्याहूनही अधिक निर्मळ होते. ज्याला वीस वर्षे रात्री खाजेने झोप लागली नाही त्याला झोप लागते. ज्याची बोटे सुजून सदऱ्याची गुंडी लागत नव्हती त्याची गुंडी लागते. भारतातही या दिशेने काम झाले. बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने क्यूबातील संशोधकांच्या सहकार्याने विकसित केलेले इटोलिझुमॅब हे औषध २०१३ मध्ये सोरायसिससाठी बाजारात आणले. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने २०१४ च्या अखेरीस अडॅलिमुमॅब या परदेशी औषधाची समरूप आवृत्ती मूळ औषधापेक्षा बऱ्याच कमी किमतीत उपलब्ध केली. मनुष्याच्या बुद्धीला देवपित्याने दिलेले हे दान आहे, आणि दानाला नाक मुरडणे हा काही विश्वासाचा पुरावा नव्हे.

परंतु प्रत्येक दानाला सीमा असते, तशी यालाही आहे. पहिली सीमा अशी की हे औषध रोगाला गप्प करते, संपवीत नाही. चट्टा दिसेनासा झाला तरी त्या जागी त्वचेच्या आत काही पेशी जुनी आठवण धरून राहतात, आणि औषध थांबताच पुष्कळदा नेमक्या त्याच जागी रोग पुन्हा डोके वर काढतो. दाजींच्या कोपरावरचा चट्टा तीन वर्षांनी परत आला तो इंचभरही न चुकता. दुसरी सीमा अशी की काहींच्या शरीराला हे परके प्रथिन ओळखू येते आणि शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. मग काल लागू पडलेले औषध आज लागू पडत नाही. एक औषध थकले की दुसरे, दुसरे थकले की तिसरे, असा प्रवास कित्येकांना करावा लागतो.

तिसरी सीमा आपल्या देशात विशेष जाणवते. संरक्षणव्यवस्थेचा एक दरवाजा बंद केला की तो चोरासाठी आणि पहारेकऱ्यासाठी सारखाच बंद होतो. भारतात असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात. काही बायॉलॉजिक औषधांनी, विशेषतः त्यांतील जुन्या गटाने, ते जागे होण्याचा धोका असतो. म्हणून उपचारापूर्वी क्षयाची तपासणी करतात, आणि दाजींनाही इंजेक्शनाआधी क्षय प्रतिबंधाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या. एफालिझुमॅब नावाचे एक औषध २००३ मध्ये मोठ्या आशेने आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांना मेंदूचा दुर्मिळ व प्राणघातक संसर्ग झाल्याचे आढळले, आणि २००९ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. ही हकीकत भय घालण्यासाठी सांगत नाही. आजची औषधे त्यामानाने पुष्कळ सुरक्षित आहेत. तथापि जे औषध शरीराच्या राखणदाराला हात लावते त्याच्याविषयी नम्रता बाळगावी, एवढाच याचा बोध.

चौथी सीमा पैशाची, आणि ती सर्वांत कठोर. येथे मला नामानाची गोष्ट आठवते (२ राजे, अध्याय ५). अरामाचा तो सेनापती आपल्या चट्ट्यांसाठी सोने, चांदी व वस्त्रे घेऊन आला. अलीशाने त्याला यार्देनेत सात वेळा बुडी मारावयास सांगितले आणि तो शुद्ध झाल्यावर त्याच्याकडून एक कवडीही घेतली नाही. अलीशाचा सेवक गेहजी मात्र मागून धावला, खोटे बोलून त्याने चांदी व वस्त्रे मिळविली, आणि नामानाचे कोड त्याच्या अंगी आले. औषधनिर्मितीला मोठा खर्च येतो, कारागिराला मजुरी मिळालीच पाहिजे, हे मी जाणतो. प्रत्येक कंपनीला गेहजी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या शोधाचा उगम जगाला मोकळा मिळाला, त्याचे पाणी गरिबाच्या दारी पोहोचेपर्यंत इतके महाग का व्हावे, हा प्रश्न विचारणे ख्रिस्ती विवेकाचे कर्तव्य आहे. रुग्णाला धीर धरण्याचा उपदेश करून तो प्रश्न टाळता येणार नाही.

आता दाजींच्या प्रश्नाकडे येतो. हा खर्च पाप होता काय? आमच्या आप्तांत यावर तीन मते होती, आणि मला वाटते, पुष्कळ ख्रिस्ती घरांत हीच तीन मते आढळतील.

काही म्हणाले, हा थोडाच जीवघेणा रोग आहे? कातडीच्या शोभेसाठी एवढा पैसा म्हणजे व्यर्थ अभिमान. असे म्हणणाऱ्यांनी रक्ताळलेल्या चादरी धुतलेल्या नसतात. शिवाय त्वचा ही केवळ शोभेची वस्तू नाही. आई बाळाला प्रथम ओळखते ती त्वचेच्या स्पर्शाने, आणि शांतीची सलामी आपण हातात हात घेऊनच देतो. माणूस माणसाला जेथे भेटतो ती ही सीमारेषा आहे. तिच्यावरील दुखणे वरवरचे असते असे समजणे ही मोठी चूक आहे.

काही म्हणाले, ईयोबाप्रमाणे निमूट सोसावे. ईयोबाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचून जे थांबतात तेच असे म्हणू शकतात. पायाच्या तळव्यापासून माथ्यापर्यंत फोडांनी भरलेला तो भक्त पुढे अनेक अध्याय देवाला जाब विचारतो. शेवटी परमेश्वराचा कोप त्याच्यावर भडकत नाही, तो भडकतो त्याला त्याच्याच पापाचे धडे देणाऱ्या मित्रांवर.

आणखी काहींनी हळूच सुचविले की विश्वास कमी पडला. पौलाने आपल्या देहातील काट्यासाठी तीन वेळा प्रार्थना केली आणि तो काटा निघाला नाही, त्याऐवजी कृपा मिळाली. पौलाचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? तोच पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो, आणि त्याच्या सोबत्यांत लूक नावाचा प्रिय वैद्य असतो. प्रार्थना करणाऱ्याने वैद्यालाही सोबत न्यावे, आणि वैद्याचे हात टेकले की कृपेवर उभे राहावे. पौलाच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदताना दिसतात.

तेव्हा दाजींनी औषध घेतले यात पाप नव्हते, आणि ते थांबविले यातही नाही. ताईच्या बांगड्या प्रेमाने मोडल्या, तो हिशेब प्रेमाचाच राहील. परंतु कर्ज काढून, मुलांच्या शिक्षणाचा पैसा मोडून, न संपणाऱ्या उपचारामागे धावलेच पाहिजे असे बंधन कोणत्याही रुग्णावर नाही. आज दाजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथोट्रेक्सेट ही जुनी व स्वस्त गोळी आठवड्यातून एकदा घेतात. तिने त्यांना निम्म्याहून अधिक आराम आहे. निर्मळ त्वचा नाही, पण झोप आहे. अर्धा आराम पदरात घेऊन समाधानाने जगणे हा पराभव नव्हे.

येथे लेख संपविता आला असता. परंतु दाजींच्या प्रश्नाचा पहिला भाग अजून उरतो. ते बरे झाले होते, की केवळ झाकले गेले होते? त्याचे उत्तर शोधताना मला आमच्या गावच्या मंडळीतील एक रविवार आठवला, आणि तो सांगणे मला सोपे नाही.

दाजी तेव्हा चाळिशीत होते आणि सुटीत गावी आले होते. हातांवर, कपाळावर चट्टे उघड दिसत होते. प्रभुभोजनाची उपासना होती, आणि आमच्या मंडळीत एकाच प्याल्यातून सर्वजण सहभागी होत. दाजी रांगेत उभे राहिले तसे त्यांच्यामागचे एकेक जण काही ना काही निमित्ताने मागे सरकू लागले. कुणी लहान मुलाला घेण्यासाठी वळले, कुणी बाकाखाली पडलेले गीतपुस्तक शोधू लागले. नंतर जबाबदार मंडळींपैकी एकाने दाजींना बाजूला घेऊन सौम्यपणे सुचविले की पुढच्या वेळी आपण सर्वांच्या शेवटी यावे, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहणार नाही. त्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता. दाजी पुढच्या वेळी शेवटी आले, आणि त्यानंतर गावच्या प्रभुभोजनाला ते आलेच नाहीत.

त्या रांगेत मागे सरकणाऱ्यांत मीही होतो. हा रोग संसर्गजन्य नाही हे मला ठाऊक होते. ताईने पत्रातून दहा वेळा लिहिले होते. तरीही माझे पाय मागे गेले.

२०१८ साली त्यांची त्वचा निर्मळ झाल्यावर त्या नाताळात दाजी गावी आले आणि प्याल्याच्या रांगेत मध्यभागी उभे राहिले. सर्वांनी हस्तांदोलन केले, देवाचे उपकार मानले. आम्ही सर्वजण म्हणालो की औषधाने चमत्कार केला. आज मला वाटते की ते महागडे औषध दाजींनी दोन दुखण्यांसाठी विकत घेतले होते. एक दुखणे त्यांच्या त्वचेत होते. दुसरे आमच्या मनात होते, आणि त्याचीही किंमत त्यांनीच भरली. सोरायसिसची तीव्रता मोजण्याचे जे परिमाण डॉक्टर वापरतात त्यात लाली, जाडी, खपल्या आणि व्यापलेले क्षेत्र यांचे गुण मोजतात. आमच्या मागे सरकण्याचे गुण त्यात नाहीत. कोणत्याही प्रयोगशाळेतील औषध ते कमी करू शकत नाही. फार तर ते रुग्णाला आमच्या नजरेपासून लपवू शकते, आणि औषध थांबले की तेही दुखणे जुन्या जागी परत येते.

याची साक्ष कोवलम ज्या चेंगलपट्टू जिल्ह्यात आहे तेथेच मिळते. चेंगलपट्टू येथे लेडी विलिंग्डन यांच्या नावाचे कुष्ठरोग्यांचे आरोग्यधाम होते, जे १९५५ मध्ये भारत सरकारने आपल्याकडे घेतले. तेथील वैद्यकीय मिशनरी डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी १९४० च्या दशकात कुष्ठरोगावरील सल्फोन औषधे भारतात रुजविण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या निमंत्रणावरून १९४७ च्या सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील तरुण शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड तेथे गेले. वाकड्या झालेल्या बोटांचा एकेक हात त्यांनी आपल्या हातात घेऊन तपासला, आणि अशा हातांवर शस्त्रक्रिया का होऊ नये, या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. त्यांनी शेकडो हात सरळ केले. परंतु सरळ झालेल्या हातांना काम देण्यास गावे तयार नव्हती. तेव्हा रुग्णांना हस्तोद्योग शिकविणारे केंद्र वेल्लोरला उभारावे लागले. शस्त्रक्रियेने हात परत मिळाला होता, पण त्या हाताला हात देणारा समाज मिळायचा होता.

कुष्ठरोगावर १९८१ पासून बहुविध औषधोपचार आले. आज तो ठरावीक महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. आता आपल्याच समाजाकडे पाहा. भारतीय ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली. स्त्रियांना न्याय देणारी ती दुरुस्ती स्वागतार्ह होती. तथापि तिच्यात असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून घातले गेले. रोग साध्य होऊन वीस वर्षे लोटली होती. ते कारण कायद्यातून निघण्यास २०१९ साल उजाडावे लागले. औषध पोहोचले होते, मन पोहोचले नव्हते.

लेवीयाच्या नियमात एक तपशील आहे, जो आपण वाचून पुढे जातो. चट्टा बरा झाला की काय हे पाहण्यासाठी याजकाने छावणीच्या बाहेर जावे, असे तेथे म्हटले आहे. आजारी माणसाने आत येण्यापूर्वी याजकाला बाहेर जावे लागे. प्रभू येशूने याच्याही पुढचे पाऊल टाकले. मार्काच्या पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी त्याच्यापुढे गुडघे टेकतो तेव्हा प्रभू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, आणि नंतर तो मनुष्य शुद्ध होतो. हा क्रम मी अनेकदा वाचला होता, कोवलमहून परतल्यावर तो मला प्रथम दिसला. प्रभूने स्पर्श केला तेव्हा त्या माणसाच्या अंगावर चट्टे होते. आपण मात्र नेहमी उलट क्रम लावतो. आधी शुद्ध होऊन ये, मग हात देऊ.

म्हणून दाजींच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. औषधाने त्यांना तीन वर्षांची खरी विश्रांती दिली, तिला खोटे म्हणू नये. शरीराची सीमा, औषधाची सीमा, आपल्या मिळकतीची सीमा, या प्रार्थनापूर्वक स्वीकारता येतात, आणि दाजींनी त्या आमच्यापेक्षा अधिक शांतपणे स्वीकारल्या आहेत. मात्र आमच्या प्रेमाची जी सीमा त्यांना भोवली ती देवाने आखलेली नव्हती. ती स्वीकारण्याचा उपदेश त्यांना करण्याचा अधिकार आम्हांला नाही. ती आम्हीच पुसली पाहिजे.

प्रिय वाचकहो, आपल्या प्रत्येक मंडळीत असा कोणीतरी भाऊ किंवा बहीण असेल, जी मे महिन्यातही पूर्ण बाह्या घालून मागच्या बाकावर बसते, आणि जिला आपण कधी रांगेत पाहिलेले नाही. तिच्या इंजेक्शनाचा खर्च आपल्याला उचलता आला तर अवश्य उचलावा. पाळकांनी व्यासपीठावरून एकदा स्पष्ट सांगावे की हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तोही थोडाफार उपचारच होय. आणि यांपैकी काहीच शक्य नसेल तेव्हाही, तिच्याशेजारी जाऊन बसण्यास पैसा लागत नाही.

या नाताळात दाजी गावी यावयाचे आहेत. यंदा इंजेक्शन नाही, आणि थंडीत त्यांचे चट्टे वाढतात. येऊ की नको, असे त्यांनी ताईकरवी विचारले आहे. मी उत्तर लिहिले आहे, "दाजी, अवश्य या. प्रभुभोजनाच्या रांगेत आपण माझ्यापुढे उभे राहा. आपल्यानंतर प्याला मी घेईन."